लेजेंडवर क्लिक केलं की रेष गेली पाहिजे

मागणी तशी एका ओळीची होती. आलेखाच्या तक्त्यावरच्या लेजेंडमध्ये, म्हणजे कोणत्या रंगाची रेष कुणाची हे सांगणाऱ्या यादीत, नावावर क्लिक केलं की ती रेष गेली पाहिजे, परत क्लिक केलं की आली पाहिजे. मागणी होती पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खासगी दूध प्रकल्पाच्या संकलन अधिकाऱ्यांची. नऊ शीतकरण केंद्रं, सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), टँकरच्या वेळा, हे सगळं पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या साधनात एका रिपोर्टमध्ये बसवायचं काम माझ्याकडे आलं होतं.

त्यांना हे का हवं होतं ते पहिल्याच स्क्रीनवर दिसत होतं. एका मोठ्या केंद्राची रेष वर आढ्याला टेकलेली आणि बाकीच्या आठ खाली शेवयांच्या गुंत्यासारख्या एकात एक. उन्हाळ्यात लहान केंद्रांचं दूध कधी आटायला लागलं हेच तर त्यांना बघायचं होतं, आणि नेमकं तेच त्या गुंत्यात हरवत होतं. मोठं केंद्र बाजूला झालं की उभा अक्ष खाली येणार आणि छोट्यांचे चढउतार उघडे पडणार.

पॉवर बीआयमध्ये लेजेंडवर क्लिक केल्यावर काहीच होत नाही असं नाही. होतं, पण वेगळंच होतं. निवडलेली रेष ठळक राहते, बाकीच्या फिकट होतात, अक्ष मात्र जागचा हलत नाही. वर त्या क्लिकचा परिणाम पानावरच्या बाकीच्या तक्त्यांवरही होतो. स्तंभालेखात निवडलेल्या केंद्राचा हिस्सा गडद आणि उरलेला फिका दिसतो, एकच मोठा आकडा दाखवणारं कार्ड मात्र सरळ गाळलं जातं, तिथे फक्त त्याच केंद्राचा आकडा उरतो. म्हणजे एकाच क्लिकने शेजारशेजारच्या दोन चौकटी दोन वेगळे अर्थ सांगायला लागतात.

"मॅडम, ही जाईना की. फिकट होतीया नुसती. आणि वरचा आकडा का बदलला?"

संकलन अधिकारी साहेबांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या जुन्या वेब पोर्टलवर क्लिक म्हणजे रेष गायब, इतका साधा हिशोब होता. आलेख काढायच्या प्रत्येक साधनाने या क्लिकचा अर्थ आपापला लावलेला आहे. प्लॉटलीत एका क्लिकने रेष लपते आणि डबल क्लिकने तेवढीच एक उरते. सुपरसेटमधले बरेच तक्ते ईचार्ट्स या आलेखांच्या लायब्ररीवर चालतात, तिथेही क्लिकने रेष लपते आणि अक्ष नव्याने बसतो. टॅब्लोत लेजेंड उठाव देतं, गाळणी हवी तर तिची वेगळी अ‍ॅक्शन लावावी लागते. माणूस आधीच्या साधनाची सवय घेऊन येतो आणि आपण त्याला 'असं नसतं हो' म्हणत बसतो. मला स्वतःला पॉवर बीआयचा हा पायंडा कधीच पटलेला नाही. फिकट करणं हे बोर्डरूममध्ये पडद्यावर दाखवायला ठीक, रोज सकाळी आकड्यांत डोकं घालणाऱ्याला त्याचा उपयोग कमी.

सगळ्यांना सुचतो तो उपाय म्हणजे मूळ लेजेंड बंद करायचं आणि त्या जागी आडवा स्लायसर, म्हणजे निवडीच्या बटणांची पट्टी, ठेवायचा. तो करून दाखवला. स्लायसर गाळतो, त्यामुळे अक्षही बसतो. पण स्लायसरवर क्लिक म्हणजे 'हे दाखव', आणि साहेबांना हवं होतं 'हे काढ'. मोठं केंद्र काढायचं तर उरलेल्या आठांवर क्लिक करत बसा. शिवाय एकाहून जास्त निवडायला कंट्रोल की दाबून ठेवायची, ती फोनवर आणायची कुठून?

मग अर्थच उलटा केला. केंद्रांच्या नावांचं एक वेगळं टेबल बनवलं, नाव ठेवलं 'लपवा', आणि रिपोर्टच्या मॉडेलमधल्या (एकमेकांशी जोडलेल्या टेबलांच्या संचातल्या) कुठल्याही टेबलशी त्याचं नातं जोडलं नाही. स्लायसरला हे टेबल दिलं. नातं नसल्यामुळे स्लायसर आपणहून काहीच गाळत नाही, सगळी सूत्रं मेजरच्या, म्हणजे आकडा काढणाऱ्या फॉर्म्युल्याच्या, हातात राहतात. लिटरच्या मेजरमध्ये अट घातली: सध्याचं केंद्र 'लपवा'मध्ये निवडलेलं असेल तर ब्लँक (रिकामी किंमत) द्या, नाहीतर लिटर द्या. ब्लँक मिळालं की ती रेषच उरत नाही आणि अक्ष आपोआप खाली येतो.

यात एक खाच आहे. स्लायसरमध्ये काहीच निवडलेलं नसतं तेव्हा निवडलेल्या नावांची यादी देणारं व्हॅल्यूज हे फंक्शन रिकामी यादी देत नाही, सगळी नावं देतं. नुसती अट लिहिली तर रिपोर्ट उघडताक्षणी नऊच्या नऊ केंद्रं लपतात आणि समोर कोरा तक्ता येतो. म्हणून आधी ईझफिल्टर्ड हे फंक्शन लावून बघायचं, की या स्लायसरवर खरोखर निवड झाली आहे का. झाली असेल तरच पुढची तपासणी.

दिसण्याचं काम यापेक्षा किचकट निघालं. लेजेंड म्हटलं की नावाशेजारी रंगाचा ठिपका हवाच, तो नसेल तर ती नुसती बटणांची ओळ. २०२३च्या शेवटी आलेल्या बटण स्लायसरला चित्राचा रकाना देता येतो. 'लपवा' टेबलात प्रत्येक केंद्रासमोर एका छोट्या चौकोनाचा एसव्हीजी, म्हणजे चित्र काढणारा कोड, मजकूर म्हणून लिहिला आणि तो चित्र म्हणून दिसावा यासाठी त्या रकान्याची डेटा कॅटेगरी इमेज यूआरएल केली. इथे एक बारकावा सांगून ठेवते. रंगाच्या कोडमधलं हॅशचं चिन्ह जसंच्या तसं लिहिलं तर चित्र येत नाही. त्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि पुढे २३ असं लिहायचं. तेच रंग रेषांनाही एकेक करून हाताने दिले. थीमवर, म्हणजे रिपोर्टच्या ठरलेल्या रंगांवर, सोडले तर ठिपका एका रंगाचा आणि रेष दुसऱ्या रंगाची व्हायला वेळ लागत नाही.

बटणाच्या 'सिलेक्टेड' अवस्थेला राखाडी रंग दिला, म्हणजे क्लिक केलं की बटण विझल्यासारखं दिसतं. स्लायसरच्या सेटिंगमध्ये कंट्रोलची अट काढून टाकली, आता एकामागोमाग क्लिक करत जायचं. अक्षाची सुरुवात मात्र शून्यावर बांधली. तसं केलं नसतं तर मोठं केंद्र गेल्यावर किरकोळ घटसुद्धा कडा कोसळल्यासारखी दिसली असती आणि शीतकरण केंद्राच्या माणसाला उगाच फोन गेला असता.

आता खरा वाद. रेष लपवली, मग वरच्या सरासरी फॅटच्या कार्डाने काय करायचं? हा प्रश्न मी बैठकीत मांडला तेव्हा संकलन म्हणालं, 'जे दिसतंय त्याचीच सरासरी हवी.' हिशोब विभाग म्हणाला, 'फॅट पूर्ण प्रकल्पाचं असतं, कुणी रेष लपवली म्हणून ते बदलत नाही.' दोघांचंही बरोबर. शेवटी दोन कार्डं ठेवली, एक 'एकूण' आणि एक 'दिसणाऱ्या केंद्रांचं'. दुसऱ्या कार्डात एक्सेप्ट हे यादीतून यादी वजा करणारं फंक्शन वापरून केंद्रांच्या यादीतून लपवलेली वजा केली, अर्थात तीच ईझफिल्टर्डची तपासणी लावून.

त्यातच सरासरी कशी काढायची हेही ऐरणीवर आलं. समजा एका केंद्राचं १०,००० लिटर दूध ३.५ फॅटचं आणि दुसऱ्याचं २,००० लिटर ४.१ फॅटचं. दोन आकड्यांची सरळ सरासरी ३.८ येते. लिटरचा भार धरला तर ३.६. दुधाच्या धंद्यात हा फरक म्हणजे पैसे. केंद्रं दिसेनाशी करायची सोय दिली की कोणतीही दोन केंद्रं एकत्र येणार, त्यामुळे भारित सरासरी मेजरमध्येच हवी. आधीच काढून ठेवलेल्या रोजच्या सरासरीचा रकाना इथे कामाचा नाही. टक्केवारीच्या वाट्याचं मात्र सोपं पडलं. 'लपवा'चं कुणाशी नातं नाही, तेव्हा छेदात आपोआप संपूर्ण प्रकल्प राहतो, आणि तो तसाच राहू दे असं ठरलं.

रिपोर्ट चालू झाल्यावर एके सकाळी फोन आला. "मॅडम, तीन केंद्रांचं दूधच आलेलं न्हाई काय आज?" दूध आलं होतं. पॉवर बीआय सर्व्हिस, म्हणजे रिपोर्ट ब्राउझरमध्ये उघडतो ती ऑनलाइन सेवा, प्रत्येकाची शेवटची निवड लक्षात ठेवते. साहेबांनी आदल्या संध्याकाळी तीन रेषा लपवल्या होत्या, सकाळी रिपोर्ट तसाच उघडला. ही आठवण रिपोर्टच्या सेटिंगमधून बंद करता येते, पण मग त्यांनी लावलेल्या बाकीच्या निवडीही रोज पुसल्या जातात, ते त्यांना नको होतं. म्हणून तक्त्याचं शीर्षकच मेजरवर टाकलं. एखादं केंद्र लपलेलं असेल तर 'नऊपैकी सहा केंद्रं दिसत आहेत' असं तिथे लाल अक्षरात येतं. शेजारी स्लायसर पुसायचं बटण दिलं. पीडीएफ काढणाऱ्यांना वेगळं सांगावं लागलं: 'करंट व्हॅल्यूज' निवडलं तर लपवलेलं लपलेलंच छापलं जातं, सगळं हवं तर 'डिफॉल्ट व्हॅल्यूज' निवडा.

प्रयोगशाळेच्या पानाला ही युक्ती लावली नाही. तिथे रेषा केंद्रांच्या नव्हत्या, फॅट, एसएनएफ आणि तापमान अशा वेगवेगळ्या मेजरच्या होत्या. त्यासाठी फील्ड पॅरामीटर, म्हणजे तक्त्यात कोणती मेजर दाखवायची ते निवडू देणारी पॉवर बीआयची सोय, पुरतो, त्याचा स्लायसर ठेवला की झालं. आणि गाय-म्हैस दुधाच्या स्तंभालेखावर पॉवर बीआयचं मूळ लेजेंडच राहू दिलं. दोनच रंग आहेत, तिथे फिकट झालं तरी कुणाची तक्रार नाही.