मांडवीतले कॅसिनो आणि आमची लाँड्री : आमची वाटचाल

पणजीत टुरिझम कसा चाललाय हे हॉटेलवाल्याला विचारलं तर तो अर्ध्या रूम रिकाम्या असल्या तरी फुल्ल म्हणणार आणि टॅक्सीवाल्याला विचारलं तर तो चार फेऱ्या मारून आला तरी मंदी म्हणणार. आम्हाला कोणी विचारत नाही. पण आमच्याकडे गाठोडी येतात, मळक्या चादरी, टॉवेल, पिलो कव्हर, ती मोजली की कुठल्या हॉटेलात काल किती रूम गेल्या ते मला मॅनेजरच्या आधी कळतं. म्हणून म्हटलं आपणच लिहावं एकदा.

मी मूळचा कुडाळकडचा. मोठा भाऊ पणजीत एका हॉटेलच्या हाउसकीपिंगला होता, त्याच्या जिवावर गोव्यात आलो, आणि २००९ साली पणजीजवळ मेरशीला एक शेड भाड्याने घेऊन दोघांनी लाँड्री टाकली. सुरुवातीला मशीन एकच, बाकी सगळं हातावर. गिऱ्हाईक म्हणजे पणजीतल्याच फोंताइन्यास आणि सांतिनेजचे गेस्टहाऊस, चार-सहा रूमवाले. पहिला झटका पाण्याने दिला. इथे जांभा दगड, बोअरच्या पाण्यात लोखंड, पांढरी चादर तीन-चार धुण्यांत पिवळट पडायला लागते आणि गिऱ्हाईकाला वाटतं आम्ही साबण वाचवतोय. मग टँकर, मग फिल्टर, फिल्टरचं मटेरियल बदलायचा खर्च, हे सगळं शिकलो. दादा म्हणायचा आपण कपडे धुवायला आलो की पाणी धुवायला.

तेव्हाचा सीझन म्हणजे सरळ हिशोब होता. ऑक्टोबर ते मार्च काम, मे महिन्यात शाळेच्या सुट्टीची फॅमिली पब्लिक, आणि जूनला पाऊस लागला की शेडमध्ये बसून छपरावरचं पाणी ऐकायचं. कामगार गावी जायचे, मशीनला गंज चढायचा, आम्ही पोटापुरतं काढायचो. हा हिशोब कॅसिनोंनी बदलला, ही गोष्ट मी मान्य करतो, कोणाला आवडो न आवडो.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं गोव्यात कुठेही टेबल मांडून जुगार चालतो. तसं नाही. १९७६ चा गोव्याचा जुगारविरोधी कायदा आहे, त्यात १९९२ ला बदल करून फाइव्ह स्टार हॉटेलात मशीनवरचे खेळ चालू केले आणि १९९६ ला जहाजावर परवानगी आली. म्हणून पत्त्यांचं खरं टेबल, पत्ते वाटणारा डीलर समोर बसलेला, हे फक्त पाण्यावर. आता गंमत अशी की पाणी म्हणजे समुद्र नाही, मांडवी नदी, पणजीच्या अगदी समोर, नदीकाठच्या डीबी रोडवरून दिवे दिसतात. जेटीवरून छोट्या फीडर बोटी माणसं नेतात-आणतात, रात्रभर. वय २१ पूर्ण लागतं, आणि फेब्रुवारी २०२० पासून गोंयकाराला, म्हणजे गोव्याच्याच माणसाला, खेळायला आत बंदी, कामाला असेल तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्रातसुद्धा १९७६ चाच एक कॅसिनोचा कायदा कागदावर पडून होता, कधी लागू केलाच नाही, २०२३ ला तो रद्द करून टाकला. म्हणजे कोल्हापूर-सांगलीच्या पंटरला, म्हणजे जुगार खेळणाऱ्याला, पुढची बरीच वर्षं इथेच यावं लागणार 😄

तर आमचं काम कसं आलं. जहाजावर थेट नाही, मधला एक कॉन्ट्रॅक्टर होता त्याच्यामार्फत. बुफेचे टेबलक्लॉथ, नॅपकिन आणि स्टाफचे युनिफॉर्म. एंट्रीच्या पॅकेजमध्येच जेवण, दारू आणि थोडे चिप्स, म्हणजे पैशाऐवजी टेबलावर लावायची टोकनं, धरलेले असतात, त्यामुळे माणूस पोटभर खातो, आणि त्या खाण्याचा सगळा इतिहास आमच्याकडे नॅपकिनवर लिहून येतो. हळदीचा डाग म्हणजे वैताग. साबणाच्या पाण्यात पडला की पिवळ्याचा लालभडक होतो, नवा पोरगा असेल तर घाबरतो की रक्त आहे की काय. त्याला घासून काही होत नाही, आधी तेल काढायचं, मग पेरॉक्साइड, आणि सगळ्यात भारी म्हणजे ऊन. दोन तास कडक ऊन लागलं की हळद आपोआप उडते. पावसाळ्यात ऊन कुठून आणणार, म्हणून पावसाळ्यात आमचा केमिकलचा खर्च वाढतो आणि रिवॉशसुद्धा. हे रेट ठरवताना कोणी ऐकून घेत नाही.

युनिफॉर्मचं वेगळंच. डीलरच्या कपड्यांना खिसे नसतात किंवा असले तर शिवून बंद केलेले असतात, चिप लपवता येऊ नये म्हणून. धुताना खिसे तपासायची आमची सवय, आमची एक मावशी आहे सावंतवाडीची, ती पहिल्या दिवशी प्रत्येक जॅकेटचा खिसा चाचपत बसली आणि शेवटी म्हणाली, "एवढ्या पैशात रात्रभर हात घालतंत आणि ठेवायला खिसो नाय." तिच्या गावची दोन पोरं तिथेच कामाला आहेत, त्यामुळे तिला सगळ्या आतल्या बातम्या आमच्या आधी कळतात.

पण खरा पैसा जहाजावरून आला नाही, तो आला हॉटेलांतून. कॅसिनोची पब्लिक बीचच्या पब्लिकसारखी नाही. हैदराबाद, बंगलोर, बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, अहमदाबाद, चार मित्र मिळून येतात, दुपारी चेक-इन, संध्याकाळी जेटी, पहाटे पाच-सहाला परत, आणि चेक-आउटपर्यंत झोप. कित्येक वेळा एका बेडवर माणूस झोपलेलाच नसतो, नुसती बॅग टाकलेली असते, पण चादर धुवायलाच लागते ना, बदलली नाही तर रिव्ह्यूमध्ये फोटो येतो. वर एक्स्ट्रा गादी, तिचा वेगळा सेट. आणि यांना पाऊस-ऊन काही फरक पडत नाही, मंगळवार असो की शनिवार. जुलैमध्ये बीचचे शॅक, म्हणजे वाळूवरची झोपडीवजा हॉटेलं, बंद, कलंगुटला शुकशुकाट, आणि पणजीतल्या बजेट हॉटेलात वीकेंडला जागा नाही, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. आमचे कामगार पावसात गावी जायचे बंद झाले ते यामुळेच.

इथे एक आकडा सांगतो जो सरकारी जाहिरातीत वेगळ्या तऱ्हेने येतो. २०१९ ला गोव्यात साधारण ८० लाख टुरिस्ट आले, त्यात विदेशी नऊ लाखांच्या वर. २०२४ ला एकूण एक कोटी चार लाखांच्या आसपास, आणि विदेशी साधारण पावणेपाच लाख, म्हणजे अर्धेच. सगळे म्हणतात विदेशी गेले, गोवा संपला. धंदा म्हणून बघाल तर विदेशी माणूस दोन-तीन आठवडे एका खोलीत राहतो, चादर तीन-चार दिवसांनी बदलतो, जेवायला गावात फिरतो, स्कूटर भाड्याने घेतो, शॅकवाल्याला, भाजीवाल्याला सगळ्यांना थोडं थोडं मिळतं. देशी माणूस दोन रात्री राहतो. प्रत्येक चेक-आउटला पूर्ण सेट. म्हणजे डोकी वाढली त्यापेक्षा जास्त आमची गाठोडी वाढली, पण ज्या शॅकवाल्याचा मी जुना मित्र आहे त्याचं काय झालं ते त्यालाच विचारा. कॅसिनोत जेवणारा माणूस पणजीच्या खाणावळीत येत नाही हेही तितकंच खरं. त्यामुळे डोकी मोजून परफॉर्मन्स सांगणारे बघितले की मला थोडं हसू येतं, रात्री किती राहिला आणि पैसा कुठे टाकला ते सांगा ना.

धक्क्यांची मालिका पण सांगतो, कारण वाटचाल म्हणजे फक्त मशीन घेतल्याचे फोटो नव्हेत. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या, हा सगळा रोखीचा खेळ, पुढचे काही आठवडे गाठोडी एकदम हलकी. २०१७ च्या जुलैमध्ये एक कॅसिनो जहाज मिरामारला वाळूत रुतून बसलं, तिथे फोटो काढायला एवढी गर्दी की फॅमिली टुरिस्टचा तो एक नवीन पॉइंटच झाला. मग जहाजं मांडवीतून हलवणार हलवणार, दर सहा महिन्यांनी मुदतवाढ, परत पेपरात बातमी, परत मुदतवाढ. तुम्ही हसाल, पण बँकेत कॅलेंडर मशीनसाठी लोन मागायला गेलो, म्हणजे ते चादरी दाबून इस्त्री करणारं मोठं रोलरचं मशीन, तर तिथला साहेब विचारतो तुमची गिऱ्हाइकं सहा महिन्यांनी कुठे असतील. त्याला काय उत्तर देणार, ते तर पर्वरीत, म्हणजे सरकारात, बसणाऱ्यांना पण माहीत नव्हतं. लोन शेवटी बायकोच्या सोन्यावर झालं.

कोविडवर जास्त लिहीत नाही. मार्च २०२० ला सगळं बंद, कॅसिनो १ नोव्हेंबर २०२० ला अर्ध्या क्षमतेवर उघडले, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत परत बंद, सप्टेंबरमध्ये परत चालू. मधल्या काळात हॉस्पिटलचं लिनन धुतलं म्हणून लाँड्री वाचली. मधल्या कॉन्ट्रॅक्टरने मात्र जुनी बिलं थकवली ती थकवलीच, फोन उचलायचा आणि "उद्या बघतो" म्हणायचा. तेव्हापासून वहिनीने हिशोब हातात घेतला आणि उधारी तीस दिवसांच्या वर गेली की गाडी पाठवायचीच नाही असा नियम केला. दादा आणि मी दोघं मिळून जे करू शकलो नाही ते तिने एका सीझनमध्ये केलं.

त्यानंतर शहर खोदलं. स्मार्ट सिटी. पणजीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, गटार, रस्ता, केबल, सगळं एकदम. आमच्या धंद्यात धूळ म्हणजे दुष्मन, धुतलेली चादर टेम्पोतून सांतिनेजला पोचेपर्यंत परत मळायची. प्रत्येक सेट प्लास्टिकमध्ये गुंडाळायला लागला, तो खर्च आमचाच. जानेवारी २०२३ ला पेडण्यातला मोपाचा विमानतळ चालू झाला तेव्हा वाटलं आता सगळी हॉटेलं पेडण्याला जातात की काय, पण रात्री जेटी पणजीलाच असल्यामुळे ही पब्लिक पणजीतच उतरते.

आणि मग जीएसटी. हे नीट समजून घ्या, कारण पेपरवाले नुसते टक्के छापतात. आधी टॅक्स होता तो कॅसिनोच्या हातात जे उरतं त्यावर. १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के, आणि तो माणूस चिप्स घेताना जे पैसे देतो त्या पूर्ण रकमेवर. जिंकलेल्यावर परत खेळला तर परत नाही, पण पहिल्या खरेदीवर पूर्ण. त्याच सुमाराला डेल्टा कॉर्प या कॅसिनोवाल्या कंपनीला ११ हजार कोटींच्या वरची टॅक्सची नोटीस आली, शेअर धाडकन पडला, इथे चहाच्या गाड्यावर सगळे अर्थमंत्री झाले. आमच्याकडे लगेच काही झालं नाही, पंटर टक्का बघून येत नाही. पण हळूहळू फरक दिसला तो असा की ग्रुप छोटे झाले, फुकटची रूम देणारी पॅकेज कमी झाली, आणि हॉटेलवाले आमच्याशी रेटवरून भांडायला लागले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के. सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर. पण आम्हाला बसलेला फटका त्याच दिवशीच्या दुसऱ्या बदलाचा आहे, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. साडेसात हजारापर्यंतच्या रूमवर टॅक्स १२ वरून ५ टक्क्यांवर आला, टुरिस्टला छान, बातमीत टाळ्या. पण तो ५ टक्के इनपुट क्रेडिटशिवाय आहे, म्हणजे हॉटेलवाल्याने खरेदीवर भरलेला टॅक्स त्याला स्वतःच्या टॅक्समधून वजा करता येत नाही. आमच्या लाँड्रीच्या बिलावर १८ टक्के लागतात, आधी हॉटेलवाला ते क्रेडिटमध्ये वळवून घ्यायचा, त्याला आमचा टॅक्स खिशातून जात नव्हता. आता पूर्ण १८ टक्के त्याचा खर्च. मग तो काय करणार, मला म्हणतो भाऊ रेट कमी करा, नाहीतर टॉवेल आम्ही गच्चीवर वाळत घालतो. दोघा-तिघांनी खरंच छोटी मशीन घेतली. पावसाळ्यात परत येतील, टॉवेलला वास मारायला लागला की, असा वहिनीचा अंदाज आहे.

घरात कॅसिनोवरून एकमत नाही. माझी बायको ताळगावची, तिच्या माहेरचे लोक मांडवीतून जहाजं हलवा म्हणून मोर्च्याला गेलेले आहेत, डीबी रोडचं पार्किंग, रात्रीचा गोंगाट, नदीची घाण, त्यांचं म्हणणं चूक आहे असं मी कधी म्हटलेलं नाही. गणपतीत जेवताना विषय निघतो, सासरे विचारतात जावईबापू यंदा कोणाच्या बाजूने, मी म्हणतो नॅपकिनच्या. मी स्वतः एकदाही खेळलेलो नाही, त्यात काही मोठेपणा नाही, पहाटे सहाला जेटीवर फीडर बोटीतून गाठोडी उतरवताना बाजूने खाली मान घालून जाणारी पोरं रोज दिसतात, इच्छा होत नाही एवढंच.

आता कामाचं सांगतो. कॅसिनोची थेट-आडून मिळून जी कामं आहेत ती आम्ही एकूण धंद्याच्या एक तृतीयांशच्या वर जाऊ देत नाही, हे वहिनीचं गणित. बाकी हॉस्पिटल, दोन होस्टेल, आणि नोव्हेंबरात इफ्फीच्या, म्हणजे फिल्म फेस्टिव्हलच्या, वेळी येणारं जादा काम. पेडण्याच्या बाजूला एक कलेक्शन सेंटर टाकायचं बघतोय, धारगळ-मोपा पट्ट्यात हॉटेलं वाढतायत म्हणून. जागा बघून झाली, पाणी तपासायला दिलंय, तिथेही लोखंड निघालं तर फिल्टरचा खर्च आधी धरूनच भाडं बोलणार, मालक सध्या सहा महिन्यांच्या डिपॉझिटवर अडून बसलाय.