आधार ‘लिंक’ आहे, मग शिष्यवृत्ती का अडली?

‘तुमचं आधार लिंक आहे.’ २०२२ च्या पावसाळ्यात हे वाक्य मी एकाच बँकेच्या एकाच खिडकीवर चार वेळा ऐकलं. चारही वेळा ते खरं होतं, आणि चारही वेळा माझे पैसे अडकलेलेच होते. इंजिनिअरिंगची चार वर्षं झाली, डिग्री हातात आली, तरी तो पावसाळा आठवला की अजून संताप होतो. दरवर्षी कोणी ना कोणी ज्युनियर फोन करून हेच विचारतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

मी खारेपाटणच्या पुढचा, सिंधुदुर्गातला. कॉलेज रत्नागिरी जिल्ह्यात, सड्यावर. मेकॅनिकलला २०२१ साली कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, नंबर लागला. बाबा मुंबईला कंपनीत होते, लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली तेव्हापासून गावीच. आई काजूच्या कारखान्यात जाते. आमचा खुला प्रवर्ग, त्यामुळे भिस्त एकाच योजनेवर: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. कॉलेजमध्ये तिला सगळे नुसतं ‘ईबीसी’ म्हणतात. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं, प्रवेश कॅपमधून हवा, एका घरातल्या दोनच मुलांना लाभ. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा अर्धा भाग सरकार देतं.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज भरायला मला त्रास झाला नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आला, बाकी कागद प्रवेशाच्या फाइलमध्ये होतेच. दाखल्याची मुदत मात्र ३१ मार्चला संपते, ते बघा. कॉलेजचा क्लार्क, मग प्राचार्यांचं लॉगिन, मग मुंबईचं तंत्रशिक्षण सहसंचालक कार्यालय, असा अर्ज पुढे गेला आणि जुलैत मंजूर झाला. मी घरी फोन करून सांगितलंसुद्धा. आईने देवापुढे साखर ठेवली.

त्यानंतर अडलं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जाणार, आणि पोर्टल म्हणत होतं की माझं आधार कुठल्याच चालू खात्याशी जोडलेलं नाही.

माझं खातं कॉलेजजवळच्या बाजारातल्या बँकेत, प्रवेश घेतला त्याच आठवड्यात काढलेलं, आधार कार्ड देऊनच. म्हणून सरळ तिथे गेलो. आता ‘गेलो’ म्हणजे काय ते सांगतो. कॉलेज ते बाजार नऊ किलोमीटर. बँक दहाला उघडते, लेक्चरंही तेव्हाच सुरू. दुपारी सव्वाच्या एसटीने खाली उतरायचं, तर बँकेत जेवणाची वेळ. खिडकी उघडून नंबर लागेपर्यंत तीन. परतीची गाडी पावणेपाचला. म्हणजे दुपारचं प्रॅक्टिकल गेलं. आमचं मंगळवारी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचं प्रॅक्टिकल असायचं. यूटीएम मशीनवर माइल्ड स्टीलचा रॉड ताणून तोडतात, तो बारीक होत होत मधे मान पडून तुटतो, ते बघायला मी पहिल्या वर्षापासून उत्सुक होतो. माझ्या जर्नलमध्ये त्या प्रयोगाची रीडिंग्ज पार्टनरच्या वहीतून उतरवलेली आहेत, कारण त्या मंगळवारी मी बँकेच्या बाकावर बसलो होतो. वरून ७५ टक्के हजेरीची अट, आणि महिनाअखेरीस डिफॉल्टर लिस्टमध्ये माझं नाव.

खिडकीवरच्या बाईंनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. आधारच्या रकान्यात माझ्या नंबरचे शेवटचे चार आकडे स्वच्छ दिसत होते. ‘हे बघ, लिंक आहे. आमच्याकडून काही नाही. कॉलेजला विचार.’ कॉलेजात गेलो तर क्लार्कने पोर्टल उघडून दाखवलं, ‘आमच्याकडून अप्रूव्ह झालंय, बँकेला विचार.’ पुन्हा एसटी, पुन्हा बाक, पुन्हा तेच चार आकडे. तिसऱ्या खेपेला मी अर्ज लिहून नेला. तो ठेवून घेतला, पोच दिली नाही. तेव्हा पोच मागायची असते हे मला माहीत नव्हतं. तुम्ही मागा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

या सगळ्यात जी गोष्ट मला कोणीच सांगितली नाही, ती इथे सांगतो. बँकेत आधार दोन प्रकारे जोडलं जातं. एक, तुमच्या केवायसीसाठी. तो नंबर त्या बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये जातो, खिडकीवर दिसतो, आणि सगळे त्यालाच ‘लिंक’ म्हणतात. एका माणसाचं आधार असं पाच बँकांतही लिंक असू शकतं. दुसरं म्हणजे सीडिंग. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले व्यवहार चालवणारी संस्था, तिच्याकडे एक यादी असते, तिला मॅपर म्हणतात. त्यात एका आधारसमोर एकच बँक असते. सरकारी योजनेचा थेट खात्यात येणारा पैसा, म्हणजे डीबीटी, खाते नंबर बघत नाही, ही यादी बघतो, आणि तिथे ज्या बँकेचं नाव असेल तिकडे जातो. माझं आधार कॉलेजजवळच्या बँकेत लिंक होतं. यादीत नाव होतं गावच्या बाजारपेठेतल्या दुसऱ्याच बँकेचं, आणि पुढे शेरा: इनअ‍ॅक्टिव्ह.

हे मला हॉस्टेलच्या एका सीनियरने दाखवलं. आमच्या हॉस्टेलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी यायची. रात्री छत्री धरून आम्ही दोघं टाकीखाली उभे, आणि त्याने यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, साइटवर माझं आधार टाकून ओटीपी मागवला. बँकेचं नाव, स्टेटस, शेवटची तारीख, तिन्ही एका पानावर. दोन मिनिटांचं काम. तीन प्रॅक्टिकलं घालवून मला जे कळलं नाही ते त्या दोन मिनिटांत कळलं. म्हणून अर्ज भरण्याआधी सगळ्यात पहिलं हे पान बघा. आधारला जोडलेला मोबाइल मात्र चालू आणि हाताशी हवा. कित्येकांच्या आधारला घरचा फोन असतो, तो गावी, बाबांच्या खिशात, आणि तिथे रेंज नाही. तसं असेल तर सुट्टीत आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या. साधा फोन असेल तर *९९*९९*१# डायल करूनही सीडिंग बघता येतं.

गावच्या बँकेतलं ते खातं आठवीतलं. एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा पास झालो होतो, वर्षाला १२,००० रुपये मिळायचे, त्यासाठी आईला पालक करून काढलेलं. मी १८ चा झालो आणि नव्याने केवायसी, नवी सही काही दिली नाही. द्यायची असते हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. खातं तसंच पडून राहिलं, आणि मॅपरमध्ये मात्र तेच बसून होतं.

चौथ्यांदा बँकेत गेलो तो हे पान छापून घेऊन. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, ‘लिंक तर आहेच. पण मग आधी त्या बँकेतून आधार काढून आण. त्यांचं पत्र आण. आणि पालक म्हणून आई आहे ना, मग तिलाही ने.’

शुक्रवारी रात्री निघालो. दोन गाड्या बदलून घरी पोचेपर्यंत साडेअकरा. सकाळी आईला घेऊन बाजारात गेलो तर बँकेला टाळं. चौथा शनिवार. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, हे मी तारखेवरून बघायला हवं होतं. सोमवारपर्यंत थांबलो. सोमवारी आईने कारखान्यात खाडा केला. कंत्राटी काम, आली नाही तर मजुरी नाही. ‘आज खाडो झालो तरी चलात, तुजा काम होवंदे,’ म्हणाली आणि चांगली साडी नेसून आली.

तिथे तिचा अंगठा मागितला. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. काजू सोलणाऱ्या बायकांचे हात तुम्ही पाहिले असतील तर कळेल. बीच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. राख लावून, खोबरेल लावून काम करतात, तरी बोटांची टोकं काळी पडतात आणि रेषा घासून जातात. आई दर वेळी पदराला बोट पुसायची, जोर देऊन दाबायची. अंगठा झाला, तर्जनी झाली, दुसऱ्या हाताची बोटं झाली. मागे रांग वाढत होती. शेवटी ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, ‘माजीच बोटा चलनत नाय रे.’ जणू चूक तिचीच होती. मी तो दिवस विसरलेलो नाही.

आणि खरी गोष्ट अशी की त्यातलं काहीच करायची गरज नव्हती. आधार एका बँकेतून दुसरीकडे न्यायला जुन्या बँकेत जावंच लागत नाही, तिचं पत्रही लागत नाही. नवी बँक एक फॉर्म घेते, आधार सीडिंगचं संमतीपत्र. त्यात दोन पर्याय असतात. माझं आधार आधी कुठेच जोडलेलं नाही, हा एक. आधी अमुक बँकेत आहे, ते तुमच्याकडे वळवा, हा दुसरा. दुसऱ्यावर खूण करायची, जुन्या बँकेचं नाव लिहायचं आणि सही करायची. एवढंच. माझ्याकडून आधी घेतलेल्या फॉर्मवर पहिल्या पर्यायावर खूण होती, म्हणून तो परत येत होता. आईची एका दिवसाची मजुरी आणि तिने रांगेत खाली घातलेली मान, हे सगळं एका चौकोनात चुकीची खूण केली म्हणून. खिडकीवर बसणाऱ्याला हा फरक माहीत नसणं मला अजूनही माफ करता येत नाही.

हे उलगडलं ते सोमवारीच, त्याच बँकेत. अंगठा लागेना म्हणून आतल्या केबिनमध्ये पाठवलं. तिथे एक तरुण अधिकारी होते, बहुतेक विदर्भातले असावेत. त्यांनी माझा कागद नीट वाचला आणि विचारलं, ‘तुला इथे कोणी पाठवलं? तू तिकडेच जा, हा फॉर्म भर.’ कोऱ्या फॉर्मवर पेन्सिलने दोन ठिकाणी फुली मारून दिली. आईला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या माणसाचे उपकार मी मानतो.

बुधवारी तोच फॉर्म कॉलेजजवळच्या बँकेत दिला. या वेळी ‘लिंक’ हा शब्द काढलाच नाही. म्हटलं, ‘मॅडम, मला डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करायचंय, दुसऱ्या बँकेतून इकडे.’ पोच घेतली. तीन दिवसांनी रात्री टाकीखाली जाऊन पान उघडलं. बँकेचं नाव बदललेलं, पुढे अ‍ॅक्टिव्ह. मी सीनियरला उठवून दाखवलं.

मग पोर्टलवर रिडीम केलं, म्हणजे मंजूर रक्कम मागून घेतली. हे बटण आपणच दाबायचं असतं, अर्ज मंजूर झाला की पैसे आपोआप येतात असं समजून बरेच जण बसून राहतात. २०२२ ला गणपती ३१ ऑगस्टला होते. आम्ही घरी मखर बांधत असताना बँकेचा मेसेज आला. आईच्या हातात सुतळी होती. मी रक्कम वाचून दाखवली, तिने ती मला दुसऱ्यांदा वाचायला लावली. सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवर फी भरली.

राहिलेलं लिहितो, आठवेल तसं. कागद अपलोड करताना प्रत्येकाची साइज १५ ते २५६ केबीच्या मध्ये लागते. मोबाइलने काढलेला फोटो मोठा असतो, घरूनच बारीक करून न्या, सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका. दिवसा पोर्टल रडतं, पहाटे पाचला उघडा. दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा असतो, रिन्यूअल, ते विसरू नका. हॉस्टेलला किंवा खोली घेऊन राहत असाल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही बघा. त्यात अल्पभूधारकाचा दाखला चालतो, पण आपल्याकडचे सातबारे सामाईक असतात. आमच्या सातबाऱ्यावर २७ नावं आहेत, त्यातली निम्मी मुंबईला. आपला हिस्सा किती हे तलाठ्याकडून आधीच लिहून घ्या, मे महिन्यात, चाकरमानी गावी असतात तेव्हा. मुलींसाठी २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यांनीही हे सीडिंगचं पान बघून ठेवावं.

नवं खातं उघडताना कोणी ‘सरकारी पैसे या खात्यात घ्यायचेत का?’ असं विचारून सही मागितली, तर थांबा, वाचा. एका सहीने मॅपरमधली बँक बदलते. माझ्या रूममेटचं तसंच झालं होतं, सिमकार्डसोबत उघडलेल्या खात्यामुळे. आता काही बँकांचं सीडिंग एनपीसीआयच्या साइटवरून घरबसल्याही करता येतं. आमच्या वेळी ते नव्हतं.

धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे. त्याचं एनएमएमएसचं खातं याच जुन्या बँकेत. दिवाळीत तो १८ चा झाला, त्याच आठवड्यात मी त्याला नेऊन केवायसी करून घेतलं, नवी सही दिली आणि घरी येऊन पान उघडलं. अ‍ॅक्टिव्ह. छापून त्याच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावलंय.