ग्रॉसग्लॉकनर रोड स्वतः गाडी चालवून केला, माझा अनुभव

ऑस्ट्रियातला ग्रॉसग्लॉकनर हाय अल्पाइन रोड करायचा म्हटलं की मी आधी कागदपत्रांचंच सांगते. आपल्या लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हवं, ते निघायच्या आधीच आरटीओतून काढून घ्या. आम्ही म्युनिकहून गाडी भाड्याने घेतली, ऑस्ट्रियाच्या हायवेसाठी विन्येट (हायवेच्या टोलचा पास) घेतलं, पण या रस्त्याचा टोल वेगळाच, विन्येट इथे चालत नाही. रस्ता साधारण मे ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडा, रात्री बंद.

स्टीअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. सपाटीवर थोडं चालवून हात बसवून घेतला आणि मग फेर्लाइटनच्या टोलनाक्यावरून वर निघालो. ४८ किमीचा रस्ता, ३६ हेअरपिन वळणं, प्रत्येकाला नंबर आणि पाटीवर उंची लिहिलेली, त्यामुळे किती चढलो ते कळत राहतं. इंजिनिअर फ्रान्झ वालाकने आखलेला हा रस्ता १९३५ ला उघडला, आणि वळणं इतकी मोकळी आहेत की खंडाळ्यात गाडी चालवलेल्या माणसाला इथे भीती वाटायचं कारण नाही. एडेलवाइसश्पिट्झं या शिखरावरच्या पॉइंटला, २५७१ मीटरवर, जाणारा फाटा मात्र दगडी फरसबंदीचा आणि अरुंद, तिथे पहिल्याच गिअरमध्ये हळूहळू चढवली. वरून चारी बाजूंना बर्फाची शिखरं, खरंच बोलायला शब्द सुचेनात.

खरी परीक्षा उतारावर. आपल्या घाटातला जुना नियम, ज्या गिअरमध्ये चढ त्याच गिअरमध्ये उतार, तो इथे शंभर टक्के लागू. मी सेकंडमध्येच ठेवली, ब्रेक सतत दाबून ठेवला नाही, थोडा दाबायचा, सोडायचा. सतत दाबला की ब्रेक तापतात आणि मग पकडत नाहीत. ब्रेक तापल्याचा वास आला तर थांबून गार होऊ द्यायचे, जागा भरपूर आहेत.

होखटोरचा बोगदा ओलांडून कायझर फ्रान्झ योझेफ्स ह्योऽ या व्ह्यू पॉइंटला गेलो. समोर ३७९८ मीटरचा ग्रॉसग्लॉकनर आणि खाली पास्टेर्झं, ऑस्ट्रियातली सगळ्यात लांब हिमनदी. १९६३ ला त्या बर्फापर्यंत जायला बांधलेली छोटी रेल्वे जिथे संपायची, तिथून बर्फ आता खूप खाली गेलाय, ते बघून फार वाईट वाटलं. मुलांना मार्मोट (डोंगरातले मोठ्या खारीसारखे प्राणी) दिसले म्हणून ती खूश.

पलीकडच्या हायलिगेनब्लुट गावात जेवून त्याच रस्त्याने परत आलो, तिकीट दिवसभर चालतं. फक्त गेट बंद व्हायची वेळ सकाळीच टोलवर विचारून ठेवा.