विशाखेचा धुरा नेमका कुठे?

दर डिसेंबरात कोणीतरी मला ‘तेरावी रास सापडली’वाला मेसेज पाठवतंच. भुजंगधारी नावाची रास म्हणे ज्योतिष्यांनी लपवून ठेवली होती. पाठवणाऱ्यांपैकी अर्धे ज्योतिषाची जिरली म्हणून खूश, अर्धे आपली रास बदलली म्हणून धास्तावलेले. मी सारी नोकरी मोजणीत काढली, लोकांच्या शेताचे धुरे, म्हणजे हद्दी, कायम करून दिले. त्यामुळे हद्दीची गोष्ट निघाली की मला गप्प बसवत नाही. राजेहो, हे दोन वेगळे नकाशे आहेत. एकाच्या रेघेवरून दुसऱ्याची हद्द सांगता येत नाही.

भुजंगधारीचा नकाशा खगोलशास्त्रज्ञांचा. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं १९२२ साली ८८ तारकासमूह ठरवले. बेल्जियमच्या युजीन देलपोर्त यांनी आखलेल्या त्यांच्या सीमा १९३० साली छापून आल्या. त्या नकाशात सूर्य कन्येत दीड महिना असतो, वृश्चिकात जेमतेम आठवडाभर आणि भुजंगधारीत सुमारे १८ दिवस. पत्रिका मांडणाऱ्याला या रेषांशी घेणंदेणं नाही. तो क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वाटेच्या, ३६० अंशांना १२ ने भागतो, झाली ३० अंशांची रास. २७ ने भागतो, झालं १३ अंश २० कलांचं नक्षत्र (६० कलांचा एक अंश, ६० विकलांची एक कला). त्याचे चार चरण, प्रत्येकी ३ अंश २० कला. विंचवाची नांगी आकाशात कुठवर जाते हे कोणी बघत नाही. आकृतीचा इथे संबंधच नाही, सगळा भागाकार आहे.

मग उरतो एकच प्रश्न: शून्य कुठे धरायचं? सायनवाले ते वसंत संपातावर धरतात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य असतो त्या बिंदूवर. संपात दरवर्षी सुमारे ५०.३ विकला मागे सरकतो, म्हणजे साधारण ७२ वर्षांत एक अंश. निरयनवाले शून्य ताऱ्यांना बांधून ठेवतात. या दोन शून्यांमधलं अंतर म्हणजे अयनांश. सध्या ते २४ अंशांच्या थोडं वर आहे. म्हणजे, चित्रा नक्षत्राच्या ताऱ्यावरून शून्य ठरवणारा चित्रा पक्ष मानला तर.

हा ‘तर’ आमच्या घरात परवा चांगलाच महागात पडला. धरमपेठेतल्या भाचीला मुलगी झाली. गुरुजींनी पत्रिका केली: चंद्र तूळ २९ अंश १० कला, विशाखेचा तिसरा चरण, अक्षर ‘ते’. तेजस्विनी नाव ठरलं, आजीनं वाटीवर कोरायलाही दिलं. जावयानं मोबाइलच्या ॲपवर तीच वेळ टाकली, तर वृश्चिक रास, चौथा चरण, अक्षर ‘तो’! ‘तो’वरून मुलीचं नाव काय ठेवणार, तोषिणी? भाचीचा फोन, “पोरगी एक आणि राशी दोन, असं काहून मामाजी?”

ॲपच्या सेटिंगमध्ये अयनांश ‘रमण’ नावाचा होता, गुरुजींचा लाहिरी, म्हणजे चित्रा पक्षाचा. दोहोंत साधारण १ अंश २७ कलांचा फरक. चंद्राला एवढं चालायला अडीच-पावणेतीन तास लागतात. जन्मवेळ पाच मिनिटं इकडे की तिकडे यावर घरात खल चालला होता आणि शून्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

शून्यावर एकमत का नाही, हे मला टिप्पण, म्हणजे मोजणीची जुनी नोंद, तपासायच्या सवयीमुळे लवकर उमगलं. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात चित्रेचा ध्रुवक, म्हणजे शून्यापासूनचं अंतर, १८० अंश दिला आहे, रेवतीचा ३५९ अंश ५० कला. म्हणजे दोन खुणांचे दगड जवळजवळ समोरासमोर. प्रत्यक्षात रेवतीचा जो योगतारा, म्हणजे नक्षत्राचा मुख्य तारा, धरतात, मीन समूहातला झीटा, त्याच्यापासून चित्रेपर्यंत मोजलं तर जवळपास १८४ अंश भरतात. ध्रुवक मोजायची पद्धत थोडी निराळी आहे, पण तेवढ्यानं चार अंश भरून निघत नाहीत. आमच्या खात्यात असं निघालं की एक दगड पक्का धरायचा आणि दुसरा सोडायचा. इथेही तेच झालं. लोकमान्य टिळकांनी रेवतीची बाजू घेतली, व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रेची. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीनं १९५५ च्या अहवालात चित्रेचाच आधार घेतला आणि २१ मार्च १९५६ चा अयनांश २३ अंश १५ कला धरला. मला विचाराल तर मोजणीदार म्हणून मीही चित्राच घेतली असती. झीटा इतका मंद आहे की नागपुरातल्या दिव्यांत तो दिसायची आशाच नाही. जो दगड शेतात उभं राहून दिसत नाही, त्यावरून हद्द कशाला कायम करायची?

पण चित्रावाल्यांनीही फार ताठू नये. मे महिन्यात कुलरच्या टाकीत पाणी सोडायला रात्री दहाला गच्चीवर जाल तेव्हा सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवत न्या. आधी नारिंगी, ठळक स्वाती लागते, मग दक्षिणेकडे निळसर पांढरी चित्रा. दोघींत चांगलं अंतर दिसतं, पण ते सगळं उत्तर-दक्षिण आहे. क्रांतिवृत्तावर मोजलं तर दोघी तुळेच्या तोंडाशीच, अर्ध्या अंशाच्या आत. स्वातीचा विभाग सुरू होतो तूळ ६ अंश ४० कलांवर. म्हणजे स्वातीचा तारा चित्रेच्या विभागात उभा! ज्येष्ठेचा लाल तारा अनुराधेत, श्रवणाचा उत्तराषाढेत. रेवती धरली तर ज्येष्ठा घरी येते, स्वाती तरीही बाहेरच. ‘आमची निरयन पद्धत म्हणजे खऱ्या ताऱ्यांची’ असं छाती फुगवून सांगणाऱ्यांना मी एवढंच दाखवतो. एक तारा खुंटीला बांधलाय, बाकीचे मोकळे आहेत.

रेवती धरणारं टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत या चार अंशांमुळे मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीऐवजी १० तारखेला येते. इतकं चालून जातं. पण संक्रांत सरकली की अधिक महिनाही वेगळा पडू शकतो, आणि मग एका घरचा सण दुसऱ्या घराच्या महिनाभर पुढेमागे जातो.

भाचीच्या सासरी दाते पंचांग. ते चित्रा पक्षाचं, म्हणून ‘ते’ कायम झालं. जावयाला मी ॲपमधला अयनांश बदलून दिला. त्यानं लगेच स्वतःची पत्रिका काढली, आणि त्याचं लग्नच बदललेलं निघालं. कुंडलीतलं लग्न, बाप्पा, जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास. आता तो आईवडिलांना विचारतोय की आमचे ३६ पैकी २९ गुण कोणत्या अयनांशावर जुळवले होते.