‘लागणे’ म्हणजे नक्की काय करणे?

शब्दकोशात वस्तूंचं बरं असतं. घोडा म्हटलं की चार पायांचा प्राणी, आयाळ, शेपूट, बसायला नि टांग्याला जुंपायला उपयोगी, संपलं काम, शेजारी चित्र छापलं की तेवढंही लिहायला नको. पण धावण्याचं चित्र कसं काढणार? काढलं तर ते धावणाऱ्या माणसाचं होतं, धावणं निसटतंच. म्हणून जुने कोश चाळताना (लोक रील बघतात, मी दाते-कर्वेंचा महाराष्ट्र शब्दकोश बघते, ज्याची त्याची सवय) मला ते शेवटच्या ‘णें’वर अनुस्वार मिरवणारे शब्दच, म्हणजे क्रियापदं, जास्त आवडतात, कोशकाराची खरी दमछाक तिथे दिसते.

शाळेच्या छोट्या कोशांनी मात्र यावर झकास तोडगा काढलाय. धावणे म्हणजे पळणे अन् पळणे म्हणजे धावणे. ज्याला दोन्ही येत नाही त्याने पानं उलटत बसावं, तेवढाच हाताला व्यायाम.

इंग्रजांचंही काही वेगळं नव्हतं. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला कोश छापला, त्याच्या प्रस्तावनेत तो गेट, पुट, सेट, टेक, रन अशा सैल अर्थाच्या क्रियापदांची यादीच देतो आणि यांचा माग काढणं किती अवघड आहे ते सांगतो, आणि तरी एकट्या ‘टेक’चे त्याने १३४ अर्थ नोंदवलेत. अलीकडे ऑक्सफर्डच्या एका संपादकाला ‘रन’ या एका शब्दाला नऊ महिने लागले, अर्थ निघाले ६४५. बाळंतपण म्हणा की!

आता या वाक्यातच मी ‘लागले’ लिहून गेले बघा. आपलं ‘लागणे’ काय कमी आहे का? भूक लागते, ठेच लागते, आग लागते, रांग लागते, समाधी लागते, नोकरी लागते, ऊन लागतं, पोरगं बोलायला लागतं, आणि मन नसलं तरी जावं लागतं. ‘गाडी लागली’ याचा अर्थ फलाटावर आली की कुणाला मळमळायला लागलं, हे पिशवी शोधायची घाई बघून ठरवायचं. यातलं एकही काम ‘स्पर्श होणे’ या मूळ अर्थात धड बसत नाही, आणि आपण काही न शिकता हे सगळं बिनचूक वापरतो.

संस्कृतवाल्यांनी मात्र हे प्रकरण फार रुबाबात हाताळलंय. अमरकोशात क्रियापदं जवळजवळ नाहीतच, तो नामांचा कोश, त्याने अंग काढून घेतलं. धातूंचा, म्हणजे क्रियापदांच्या मूळ रूपांचा, वेगळा पाठ, पाणिनीच्या परंपरेतला, साधारण दोन हजार धातू आणि प्रत्येकापुढे अर्थ एकदोन शब्दांत. ‘अद भक्षणे’. खाणे, पुढचा! आणि त्यात कितीतरी धातूंपुढे नुसतं ‘गतौ’ लिहिलेलं, म्हंजे जाणे. सरपटत जायचं की उडत की रमतगमत, ते तुमचं तुम्ही बघा. उलट ‘दिव्’ नावाच्या एका धातूला दहा अर्थ, खेळणं, जिंकायची इच्छा, व्यवहार, चमकणं, स्तुती, आनंद, माज, झोप, आवड आणि शेवटी परत जाणं, आमच्या बडोद्याच्या उतरायणाचं (संक्रांतीच्या पतंगांच्या सणाचं) अख्खं वर्णनच झालं हे, गच्चीवरच्या दुपारच्या झोपेसकट. पण माझा सगळ्यात लाडका म्हणजे ‘स्था’. उभं राहणं. त्याचा अर्थ दिलाय ‘गतिनिवृत्तौ’, गती थांबणे. म्हणजे मूळ अवस्था चालण्याची, आणि उभं राहणं हे नंतर घडलेलं काहीतरी. रावपुऱ्यात संध्याकाळी स्कूटर घेऊन अडकलं की मला हा अर्थ फार पटतो.

तरी एका बाबतीत मला कोशकारांपेक्षा आमची आत्या वरचढ वाटते. स्वयंपाकघरातली क्रियापदं घ्या ना, ढवळणे, घोटणे, घुसळणे, फेटणे, कालवणे, मळणे, तिंबणे, लांबून बघणाऱ्याला सगळा एकच प्रकार, हात गोल फिरतोय. नुसतं ‘मिसळणे’ लिहून भागत नाही, कशाने, कशात आणि कुठपर्यंत हे सांगावं लागतं. घुसळायला रवी हवी अन् ताक हवं, घोटायला शिजलेली डाळ, कालवायला स्वतःची बोटं आणि समोर भात. तिंबण्याबद्दल विचारलं तर आत्या म्हणाली, “अगं, कणीक दमेपर्यंत मळायचं, आपण दमेपर्यंत नाही.” यात साधन नाही, प्रमाण नाही, पण पुरणपोळी करून बघा, याहून नेमकं काही सापडणार नाही. जुने कोश कधीकधी या वाटेने जातात, क्रिया कधी संपली ते सांगतात, आणि तिथे ते नव्यांपेक्षा उजवे वाटतात मला.

बडोद्यात राहून ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’चं नाव न घेणं बरं नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली निघालेला हा कारभाराच्या शब्दांचा कोश, इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली, आठ भाषा शेजारी शेजारी. आणि त्याच्याही अडीचशे वर्षं आधी शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द सुचवायला. एवढे कोश, एवढी उलथापालथ, पण गंमत अशी की बदललं ते सगळं पुढचं. मंजूर करणे, संमत करणे, सँक्शन करणे. तहकूब करणे, स्थगित करणे, पोस्टपोन करणे. राज्यं येतात जातात, ‘करणे’ आपलं मागे उभं, हमालासारखं नाही म्हणत मी, जुन्या हेडक्लार्कसारखं, साहेब कोणीही असो फाइल त्याच्याकडूनच जाणार. आता फॉरवर्ड करणे, डिलीट करणे, स्क्रोल करणे पण त्याच्याच टेबलावर आलंय. फक्त ‘हँग होणे’ तेवढं त्याने ‘होणे’कडे ढकललं, ते बरोबरच आहे, फोन कोण मुद्दाम हँग करतं!