कॉर्कची फरशी, नोंद २: चार नमुने, एक वजनकाटा

बाटलीचं बूच ज्या झाडाच्या सालीचं असतं, तीच साल म्हणजे कॉर्क. तिच्या लाद्यांचे नमुने बघण्यात पूर्ण महिना गेला. अजून एकही लादी बसलेली नाही, पण कोणती बसवायची ते पक्कं ठरलंय. कसं ठरलं ते सविस्तर लिहितोय, कारण सुरुवातीला मी स्वतः फक्त रंग आणि नक्षी बघत होतो, आणि त्या दोन्हींवरून लादीचा दर्जा कळतच नाही.

एकूण चार नमुने मागवले. 'क' म्हणजे ६ मिलिमीटरची सरसकट दाबलेल्या कणांची लादी, वरून खालपर्यंत एकच माल. 'ख' पण ६ मिलिमीटरचीच, पण वर सालीच्या पातळ पापुद्र्याची नक्षी आणि खाली कणांचा थर. 'ग' ही ११ मिलिमीटरची खाचेत अडकवायची फळी: मधे दाबीव लाकडी भुशाचा बोर्ड, त्याच्या वर-खाली कॉर्क. 'घ' ४ मिलिमीटरची, वर लाकडासारखं चित्र छापलेली. दिसायला सगळ्यांत देखणी 'ख'. माझ्या मनात तीच भरली होती.

मग स्वयंपाकघरातला काटा आणला. ३० बाय ३० सेंटिमीटर, जाडी ०.६, म्हणजे ५४० घनसेंटिमीटर. 'क' भरली २८६ ग्रॅम, 'ख' २२१. घनमीटरला किलोच्या हिशेबात 'क'ची घनता साधारण ५३०, 'ख'ची जेमतेम ४१०. जाडी तीच, आकार तोच, आणि माल जवळजवळ पाव हिस्सा कमी!

घनतेला एवढं महत्त्व का, ते कॉर्कच्या घडणीतच आहे. ही साल म्हणजे हवेने भरलेल्या बारीक बंद कप्प्यांचा गठ्ठा. घनसेंटिमीटरमध्ये साधारण ४ कोटी कप्पे असतात. रॉबर्ट हुकने सूक्ष्मदर्शकाखाली हेच कप्पे पाहिले आणि १६६५ साली त्यांना 'सेल' हे नाव दिलं. जीवशास्त्रातला तो शब्द बुचातून आला, हे मला फार आवडतं. कप्प्यांतल्या हवेमुळे पायाखाली ऊब आणि मऊपणा मिळतो. पण नैसर्गिक साल फार हलकी असते, घनमीटरला २०० किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. तिचे कण करून, बंधक (कण एकमेकांना चिकटवणारा पदार्थ) घालून, दाबून दुपटीहून जास्त घट्ट केले की खुर्चीच्या पायाला तोंड देईल अशी लादी होते. दाबण्यात कसूर केली की वरून काहीच दिसत नाही. वजनात मात्र चोरी पकडली जाते. ४५० च्या खालची लादी पायाखाली घ्यायची नाही, असं मी ठरवून टाकलं.

आकड्यावर न थांबता भार ठेवून बघितला. बोटाएवढ्या जाड लोखंडी तुकड्यावर २० किलोचं वजन, २४ तास. वजन काढल्याबरोबर 'क'मध्ये ०.६ मिलिमीटरचा खड्डा होता, दुसऱ्या दिवशी सकाळी ०.१ उरला. 'ख'मध्ये १.३ चा पडला आणि त्यातला ०.५ तसाच राहिला. हा घरगुती प्रयोग आहे, प्रयोगशाळेचा नाही, पण दोघींना एकच वागणूक दिली होती.

दुसरी परीक्षा कडेची. लादी उभी धरून कड उजेडात बघा. चांगल्या मालात कण एकमेकांत रुतलेले असतात, मधे पोकळ्या नसतात, काळसर लाकडी साल फारशी दिसत नाही. नखाने कड खरवडली तर 'क'मधून पूड आली नाही, 'ख'मधून अख्खे कण सुटले. हळूच कमान केली तेव्हा 'ख'च्या पाठीला तडा गेला. शेवटी दोघींचे तुकडे ३ तास उकळत्या पाण्यात ठेवले. 'क' थोडी फुगली, पण एकसंध राहिली. 'ख'चा पापुद्रा कोपऱ्यातून उचलला गेला. नक्षीचा मोह तिथे सुटला.

'घ'ची घनता ४९० भरली, म्हणजे माल वाईट नाही. पण १२० नंबरच्या पॉलिश पेपरचे वीस हात मारले तर चित्र पुसलं आणि खालचे साधे कण दिसायला लागले. सरसकट लादी काही वर्षांनी घासून पुन्हा नवी करता येते, पापुद्र्याची किंवा छापील नाही. मला पुन्हा घासता येणारीच हवी होती.

'ग'बद्दल मात्र वाईट बोलणार नाही. चिकटवायची कटकट नाही, खोली बदलली तर उचलून नेता येते, खालचा पाया थोडा उंचसखल असला तरी निभावतं. पण तिची कड रात्रभर पाण्यात बुडवली तर मधला बोर्ड फुगला आणि वाळल्यावरही बसला नाही. माझ्या खोलीत कुंड्या आहेत, पाणी सांडतंच. शिवाय चाकांची खुर्ची असल्यामुळे खालच्या कोब्याला घट्ट चिकटलेली लादीच बरी.

तर 'क'. ठरल्यावर एका खोक्यातल्या पाच लाद्या गुण्या (काटकोन मापायची पट्टी) लावून तपासल्या. ३०० मिलिमीटरच्या चौरसाचा कर्ण ४२४ यायला हवा. पाचही लाद्यांचे दोन्ही कर्ण अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळले. हे जरूर करा. कॉर्कच्या लाद्या एकमेकींना भिडवून बसवतात, सांधे भरायला जागाच नसते, त्यामुळे एका लादीतली तिरकी कड दहाव्या लादीपर्यंत बोटभर फट होऊन बसते.

लेप मी कारखान्यातला नको म्हटलं. बिनलेपाची घेऊन बसवल्यावर वरून पॉलियुरेथेनचे हात दिले की सांधेही झाकले जातात आणि पाणी आत जात नाही. रंग नैसर्गिकच. अर्धा तुकडा काळ्या पुठ्ठ्याने झाकून तीन आठवडे खिडकीत ठेवला होता, उघडा भाग चांगलाच फिका झाला. उन्हाच्या खोलीत हे गृहीत धरूनच रंग निवडा, आणि गालिचा टाकणार असाल तर तो अधूनमधून हलवा.

जाता जाता: आपण ज्याला बुचाचं झाड म्हणतो, पांढऱ्या लांब देठाच्या सुवासिक फुलांचं, त्याची ही साल नव्हे. ही कॉर्क ओकची, आणि जगातली निम्म्याच्या आसपास एकट्या पोर्तुगालमधून येते. झाड साधारण २५ वर्षांचं झालं की पहिल्यांदा साल काढतात, मग दर ९ वर्षांनी, झाड न तोडता. बाटल्यांची बुचं पाडून उरलेल्या सालीचे कण लाद्यांत जातात.

आता सगळे खोके एकाच बॅच नंबरचे आणलेत. तरीही प्रत्येक खोक्यात छटा थोडी वेगळी आहे, म्हणून चार खोक्यांतल्या लाद्या पिसून गठ्ठे केलेत. खोलीच्या हवेशी जुळाव्यात म्हणून त्या त्याच खोलीत ७२ तास उघड्या राहतील. अडलंय ते कोब्यापाशी. खालून ओल येते का ते बघायला त्यावर प्लॅस्टिकचे चौकोन चारी बाजूंनी टेप लावून चिकटवले होते. तीन कोरडे निघाले, पण खिडकीखालच्या चौकोनात सकाळी पाण्याचे थेंब होते. तो कोपरा वाळेपर्यंत चिकटाचा डबा उघडणार नाही. पुढच्या आठवड्यात तिथेच पुन्हा चौकोन लावून बघतो.