पाठीवरची माशी, पायावरची माशी

बेंदूर दोन दिवसांवर आला होता. वाळवा तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात आबांच्या गोठ्यावर मी तिसऱ्यांदा गेलो. "डॉक्टर, तुमच्या औषधानं बैलं तरी चार दिस गप ऱ्हात्यात. म्हशींना कायबी फरक न्हाई," आबा म्हणाले. आधीच्या दोन्ही खेपांना माश्या बघून मी पाठीवर ओतायचं औषध लिहून दिलं होतं आणि पुढच्या गावाला निघालो होतो. याचं मला वाईट वाटलं. त्या दिवशी गव्हाणीपाशी बसकण मारली.

खिलाराच्या पांढऱ्या खांद्यावर बारक्या माश्यांचा काळा थर होता, सगळ्या तोंड खाली करून बसलेल्या. म्हशींच्या पाठी जवळजवळ मोकळ्या, पण त्या सारखे पाय आपटत होत्या. गुडघ्याखाली पाच-सात माश्या, जरा मोठ्या, तोंड वर करून बसलेल्या. पोट भरलं की उडून भिंतीवर.

दोन्ही प्रकारच्या माश्या नळीत धरून भिंगाखाली घेतल्या. मोठी अगदी घरमाशीसारखी, म्हणूनच आजवर सुटली. पण घरमाशीची सोंड मऊ, चाटायची. हिची दाभणासारखी ताठ, पुढे आलेली. पंखातली चौथी शीर घरमाशीत एकदम कोन करून वळते, हिच्यात ती अलगद वाकते. दाभण तर बारकीलाही होतं. मग सोंडेलगतचे दोन पाल्प, म्हणजे बारीक बोटांसारखे अवयव, पाहिले: मोठीत सोंडेच्या निम्म्यालाही न पोचणारे, बारकीत जवळजवळ सोंडेएवढे. मोठी स्टोमॉक्सिस, बारकी हिमॅटोबिया. दोन्हींत नरही रक्त पितात.

तेवढ्यात बैलानं शेण टाकलं. वाफ निघत होती तोवर खांद्यावरच्या कितीतरी माश्या खाली झेपावल्या, शेणाच्या कडेनं आत शिरल्या आणि बघता बघता परत खांद्यावर. अंडी घालण्यापुरतीच ही माशी जनावर सोडते, हे वाचलेलं होतं. डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होतो. आबाही वाकून बघत राहिले.

रात्रंदिवस अंगावर राहणारीला पाठीवरचं औषध लागू पडतं. स्टोमॉक्सिस पायावर काही मिनिटं बसते, बाकी दिवस भिंतीवर काढते. मला तिचीच धास्ती जास्त. जनावरानं पाय झटकला की ती अर्धपोटी शेजारच्या जनावरावर जाते, आणि सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार अशाच रक्तानं माखलेल्या सोंडेवरून पसरतो. तिच्या अळ्या सडलेल्या ओल्या वैरणीत, शेणमुतानं भिजलेल्या पाचटात वाढतात.

"आबा, उरलेली वैरण कुठं टाकता?"

गोठ्यामागं मोरीलगत ढीग होता. वरचा थर सुकलेला. काठीनं वीतभर उकरलं तर आत ऊब, आणि पांढऱ्या अळ्यांची वळवळ.

आबा क्षणभर गप्प झाले. मग नातवाला हाक मारली, "खोरं आण रं. ऊन हाय तवर समदं पातळ पसरून घिऊ."